एलईडीवरून प्लँक स्थिरांक काढायचा संच: डबा घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा

सहा रंगांचे एलईडी, एक छोटा बोर्ड, ग्रेटिंगची (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांची) फिल्म, एक पांढरा एलईडी आणि अंधारात चमकणारी पट्टी, एवढा हा संच. कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी आणि घरी इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणाऱ्यांसाठी म्हणून तो विकला जातो. आतले भाग ज्याने निवडले त्याला विषय नीट कळलेला आहे. पुस्तिका ज्याने लिहिली त्याच्याबद्दल असं म्हणवत नाही. तिच्यात दिल्याप्रमाणे गेलात तर प्लँक स्थिरांक (प्रकाशाच्या वारंवारतेला ज्याने गुणलं की फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा मिळते तो आकडा) चाळीसेक टक्के जास्त निघतो. याच भागांना दोन रेझिस्टर जोडून तोच प्रयोग केला की चूक साधारण दहा टक्क्यांच्या आत येते.

आधी चांगलं काय ते. एलईडी ५ मिलिमीटरचे, प्रत्येक रंगाचे तीन, आणि सगळे पाण्यासारख्या पारदर्शक टोपीचे. ही निवड फार शहाणपणाची आहे. लाल प्लास्टिकच्या टोपीतला एलईडी हातात दिला की विद्यार्थ्याला वाटतं रंग टोपीचा आहे. इथे सहाही एलईडी बंद असताना सारखेच दिसतात. कुठला कोणता हे पेटवल्याशिवाय कळत नाही. रंग आतल्या स्फटिकाचा असतो, हे सांगायला यापुढे फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

तरंगलांब्या ९४०, ६३०, ५९०, ५२५, ४७० आणि ४०० नॅनोमीटर. यात तीन पदार्थकुळं आहेत. ९४० चा अवरक्त एलईडी गॅलिअम आर्सेनाइडच्या घराण्यातला. लाल आणि पिवळा अॅल्युमिनिअम-गॅलिअम-इंडिअम फॉस्फाइडचे. हिरवा, निळा आणि जांभळा इंडिअम-गॅलिअम नायट्राइडचे. इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यातून खाली येऊन होलशी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेशी, जुळतो, तेव्हा मधल्या ऊर्जेच्या फरकाइतका फोटॉन बाहेर पडतो. नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने १२४० ला भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते: अवरक्तासाठी १.३२, लालसाठी १.९७, निळ्यासाठी २.६४. ४७० ही ९४० ची बरोबर निम्मी तरंगलांबी, म्हणजे वारंवारता दुप्पट. ही जोडी ठरवून ठेवली असेल तर शाबास. पडताळणीचं गणित तोंडी होतं.

सिलिकॉनचा एक साधा डायोड मात्र सोबत हवा होता. त्यातही इलेक्ट्रॉन आणि होल जुळतात, पण इलेक्ट्रॉनचा संवेग जुळवायला स्फटिकाच्या कंपनाची मदत लागते. अशी गाठ क्वचितच पडते, त्यामुळे बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाते. प्रकाश न देणारा डायोड शेजारी ठेवला की देणाऱ्यांचं महत्त्व कळतं.

आता पुस्तिका. प्रत्येक रंगाचं व्होल्टेज त्याच्या वारंवारतेसमोर आलेखावर मांडायचं, रेषेच्या उताराला इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणलं की स्थिरांक मिळतो. व्होल्टेज मोजायच्या तिच्यात दोन पद्धती आहेत. पहिलीत पॉट (व्होल्टेज कमीजास्त करायची खुंटी) हळूहळू फिरवायचा आणि एलईडी 'नुकताच दिसू लागला' की व्होल्टेज टिपायचं. डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, ४०० ला अगदी क्षीण, ९४० ला शून्य. म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळ्या प्रवाहावर तुम्ही 'दिसला' म्हणणार, आणि अवरक्त एलईडी तर बादच. मोजलं जातं ते एलईडी आणि डोळा यांचं मिश्रण.

दुसऱ्या पद्धतीत बोर्डावरच्या ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून साधारण २० मिलिअँपिअर सोडून व्होल्टेज घ्यायचं. एवढ्या प्रवाहाला डेटाशीटमधले नेहमीचे आकडे अवरक्तासाठी १.२ व्होल्टच्या आसपास आणि निळ्यासाठी ३.१ च्या आसपास असतात. फरक १.९ व्होल्ट. वारंवारतेतला फरक ३.१९ गुणिले १० चा १४ वा घात हर्ट्झ. व्होल्टेजच्या फरकाला इलेक्ट्रॉनच्या भाराने गुणून वारंवारतेच्या फरकाने भागलं की ९.५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात येतो, आणि खरं मूल्य आहे ६.६२६. कारण उघड आहे. २० मिलिअँपिअरला एलईडीच्या आतला रोध आणि थरांमधले अडथळे स्वतःचा वाटा घेतात, आणि नायट्राइड कुळात तो वाटा बाकीच्यांपेक्षा बराच मोठा असतो. आलेखावर लाल-पिवळा एका ओळीत बसतात आणि हिरव्यापासून पुढचे तिघे एकदम वर उडी मारतात.

हिरव्याचा घोळ तर आणखी वेगळा. पुस्तिकेतल्या तक्त्यात हिरव्यासमोर २.१ व्होल्ट लिहिलंय. ते जुन्या गॅलिअम फॉस्फाइडच्या, ५६५-५७० नॅनोमीटरच्या पोपटी एलईडीसाठी बरोबर आहे. डब्यात मात्र ५२५ चा नायट्राइड आहे, जो २० मिलिअँपिअरला ३ व्होल्टच्या घरात जातो. भाग बदलले, मजकूर तोच ठेवला. मीटरवर ३ दिसले की विद्यार्थी एलईडी खराब समजून बाजूला टाकणार.

दुरुस्ती अशी. १०० किलोओहम आणि १० किलोओहम असे दोन रेझिस्टर घ्या आणि एलईडीच्या एकसरीत जोडा. बोर्डावरचा ३३० चा राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. मीटर १० किलोओहमच्या दोन टोकांना लावून पॉट असा फिरवा की बरोबर ०.१० व्होल्ट दिसेल. म्हणजे प्रवाह १० मायक्रोअँपिअर. पॉटला हात न लावता मीटर एलईडीवर न्या आणि व्होल्टेज टिपा. सहाही रंगांना हाच प्रवाह. अवरक्त साधारण १ व्होल्टच्या जरा खाली, लाल १.६ च्या आसपास, निळा २.३ ते २.४ मध्ये सापडायला हवा. अवरक्त आणि निळ्यातला फरक १.४ च्या आसपास आला की स्थिरांक ७.० गुणिले १० चा उणे ३४ वा घात, म्हणजे सहा टक्के जास्त. या भागांकडून याहून फार चांगल्याची अपेक्षा करू नये.

१०० किलोओहम नुसता संरक्षणासाठी नाही. डायोडचा प्रवाह ६० ते १२० मिलिव्होल्टला दहापट होतो. बोर्डावरचा पॉट एका फेरीत ९ व्होल्ट पार करतो, म्हणजे एका अंशाला तेहतीसेक मिलिव्होल्ट. मोठा रेझिस्टर नसेल तर बोट जरासं हललं तरी प्रवाह दुप्पट होतो. तो असला की तेच तेहतीस मिलिव्होल्ट प्रवाहात ०.३ मायक्रोअँपिअरचाच फरक करतात.

आलेख काढताना पुस्तिकेची आणखी एक सूचना सरळ खोडून टाका: 'रेषा उगमबिंदूतून ओढा.' १० मायक्रोअँपिअरला मोजलेलं व्होल्टेज फोटॉनच्या ऊर्जेपेक्षा ०.३ ते ०.४ ने कमीच असतं, कारण इलेक्ट्रॉनला उरलेली मदत उष्णतेची मिळते. ही तूट सगळ्या रंगांना जवळपास सारखी, म्हणून उतार ठीक येतो आणि रेषा व्होल्टेजच्या अक्षाला शून्याखाली छेदते. ती ओढूनताणून उगमातून नेली की स्थिरांक पंधरा-वीस टक्के कमी पडतो.

मोजताना काय बिघडतं तेही पाहा. मीटरचा आतला रोध १० मेगाओहम असावा. १ मेगाओहमचा जुना मीटर निळ्यापाशी स्वतःच दोन-अडीच मायक्रोअँपिअर खातो आणि आकडा किंचित खाली येतो. एलईडीवर ऊन किंवा दिव्याचा झोत नको. एकाच रंगाचे तिन्ही एलईडी मोजा. एखादा बाकीच्या दोघांपेक्षा बराच खाली वाचत असेल तर त्यात गळती आहे. नायट्राइडचे एलईडी अंगावरच्या स्थितिक विजेने असे दुखावतात, आणि २० मिलिअँपिअरला मात्र नेहमीसारखे झगझगीत पेटतात. गंमत अशी की तपासणीत ते पास होतात.

ग्रेटिंगची फिल्म मिलिमीटरला ५०० रेघांची, स्वच्छ, ओरखडे नसलेली. तरंगलांबी काढायचं सूत्र मात्र पुस्तिकेने आखडतं घेतलंय: सरकलेलं अंतर भागिले पडद्याचं अंतर, गुणिले दोन रेघांमधलं अंतर. लहान कोनाला ते चालतं, इथले कोन लहान नाहीत. पडदा १ मीटरवर असताना लाल रंग मध्यापासून ३३.२ सेंटिमीटरवर पडतो. पुस्तिकेच्या सूत्राने ६६४ नॅनोमीटर येतं. कोन काढून त्याची साइन घेतली की ६३०. निळ्याचे याच पद्धतीने ४८४ होतात. म्हणजे चूक प्रत्येक रंगाला वेगळी आणि ती थेट स्थिरांकात शिरते.

पांढऱ्या एलईडीसाठी ही फिल्म झकास. निळा पट्टा उठून दिसतो, मग मध्येच फिकट जागा, आणि त्यापुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला रुंद पट्टा. आत निळाच स्फटिक आहे. त्यावरचा पिवळा फॉस्फर निळ्यातला काही भाग गिळून पिवळसर प्रकाश देतो. व्होल्टेजही निळ्याचंच येतं.

संचातला सर्वांत कमी बोलला गेलेला आणि कदाचित सर्वांत चांगला भाग म्हणजे ती चमकणारी पट्टी. युरोपिअम आणि डिस्प्रोसिअम मिसळलेल्या स्ट्रॉन्शिअम अॅल्युमिनेटची असते तशी हिरवट चमक, ५२० नॅनोमीटरच्या आसपास. पट्टी आधी अंधारात पूर्ण विझू द्या. लाल एलईडी पूर्ण उजेडात टेकवून एक मिनिट धरा: काहीच नाही. निळा दोन सेकंद टेकवा: लख्ख ठिपका. लाल कितीही वेळ ओतला तरी त्याचा एकेक फोटॉन तोकडाच पडतो. आलेख न काढता क्वांटमची कल्पना इथेच पोचते. पुस्तिकेने या पट्टीला दोन ओळी दिल्यात.

किरकोळ तक्रारी बऱ्याच आहेत. बोर्डावर स्विच नाही, त्यामुळे १ किलोओहमच्या पॉटमधून बॅटरी जोडल्यापासून ९ मिलिअँपिअर सतत वाहतात आणि ९ व्होल्टची नेहमीची बॅटरी दोन-तीन दिवसांत बसते. प्रयोग झाला की क्लिप काढायचीच. उलट जोडणीपासून संरक्षण नाही. बहुतेक एलईडी उलट दिशेने ५ व्होल्टपर्यंतच सहन करतात, म्हणून लांब पाय धन टोकाला हे आधी तपासा. ४०० नॅनोमीटरचा एलईडी डोळ्याला दिसतो त्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो, त्यात टक लावून पाहू नये. ही सूचना डब्यावर मोठ्या अक्षरात हवी होती, ती शेवटच्या पानाच्या तळाशी आहे.

याच भागांत होणारा आणखी एक प्रयोग पुस्तिकेत मुळीच नाही. लाल एलईडी बोर्डावरून काढून थेट मीटरला लावा, म्हणजे तो प्रकाश टिपणारा डायोड झाला. त्याच्या टोपीला टोपी भिडवून हिरवा किंवा निळा एलईडी पेटवा: मीटरवर व्होल्टेज चढतं. आता अदलाबदल करा, निळा मीटरला आणि लाल पेटता. मीटर जवळपास शून्यावरच राहतो. जो स्फटिक जेवढ्या ऊर्जेचा फोटॉन देतो, साधारण तेवढ्या किंवा त्याहून जास्त ऊर्जेचाच घेऊ शकतो. सहा रंगांच्या छत्तीस जोड्या होतात. तासभरात तक्ता भरतो, आणि तिरप्या रेषेच्या एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला बहुतेक शून्यं असा तो दिसतो.