एन्क्रिप्टेड फाईल सर्व्हर: कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत आठ महिने वापरल्यानंतर

मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचं कुठल्या संदर्भात आहे ते कळेल. डेबियन १२ (लिनक्स), ८ टीबीच्या सहा डिस्क, रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो) म्हणून वापरायला ३२ टीबी. त्यावर लक्स२ (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) आणि वर एक्सएफएस ही फाईल सिस्टिम. फाईली सांबातून (लिनक्सवरून विंडोजला फाईली देणारं सॉफ्टवेअर) वाटल्या जातात. पॅटर्नची ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्राम, टॅलीचा डेटा आणि ग्राहकांचे तपासणी अहवाल, सगळं यावरच.

डिस्कवरच्या एन्क्रिप्शनबद्दल आठ महिन्यांत तक्रार नाही. पद्धत एईएस-एक्सटीएस, ५१२ बिटची की, म्हणजे किल्ली (एक्सटीएसमध्ये ती दोन भागांत वाटली जाते, म्हणून प्रत्यक्षात एईएस-२५६). प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एईएससाठीच्या खास सूचना) असेल तर वेग डिस्कमुळे अडतो, एन्क्रिप्शनमुळे नाही. खरेदीआधी 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' (लक्सच्या कमांडमधली वेगाची चाचणी) चालवून बघा. डिस्कच्या आतल्या तयार हार्डवेअर एन्क्रिप्शनवर मात्र विसंबू नका. नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं होतं, की काही एसएसडींमध्ये पासवर्ड आणि की यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पुढे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही बिटलॉकरचं (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) डीफॉल्ट सॉफ्टवेअर एन्क्रिप्शनवर आणलं.

पण डिस्कचं हे कुलूप कामाला येतं ते बंद पडलेल्या किंवा चोरीला गेलेल्या डिस्कसाठी. सर्व्हर चालू असताना ते उघडंच असतं, आणि तेव्हा फाईल तारेवरून कशी जाते ते महत्त्वाचं. आमचा बहुतेक वेळ याच कामात गेला.

सांबात एन्क्रिप्शनची किंमत 'डिझायर्ड' ठेवली तर समोरच्या मशीनला जमत नसेल तेव्हा फाईल उघडीच (एन्क्रिप्शनशिवाय) जाते, आणि कुणाला पत्ता लागत नाही. 'रिक्वायर्ड'च हवं. सगळ्या शेअरना (वाटलेल्या फोल्डरना) ते लागू झालं की किमान प्रोटोकॉल एसएमबी ३.१.१ करा (एसएमबी म्हणजे विंडोजचा फाईल वाटण्याचा प्रोटोकॉल), कारण जोडणीच्या सुरुवातीच्या वाटाघाटीत कुणी फेरफार केला तर तो पकडण्याची पक्की सोय याच आवृत्तीत आली. मग सांबाची 'एसएमबीस्टेटस' कमांड चालवा. एन्क्रिप्शनच्या रकान्यात विंडोज १० च्या मशीनसमोर एईएस-१२८-जीसीएम दिसायला हवं. नुसती आडवी रेघ म्हणजे उघडं. 'पार्शल' दिसलं तर त्या मशीनने एखादी शेअर अजून उघडीच जोडलेली आहे, ती शोधा. सांबाची आवृत्ती ४.१२ च्या आधीची असेल तर आधी ती बदला. त्या आवृत्तीपासून एसएमबी३ चं एन्क्रिप्शन जीएनयूटीएलएस या लायब्ररीकडे गेलं आणि वेगात मोठा फरक पडला.

सक्ती लागू केली की विंडोज ७ ची मशीनं बाहेर पडतात. त्यांची मजल एसएमबी २.१ पर्यंत, आणि त्यात एन्क्रिप्शनच नाही. खरी अडचण ही की स्क्रीनवर 'ॲक्सेस डिनाइड' येतं. वापरणाऱ्याला वाटतं पासवर्ड चुकला, तो बदलून मागतो, आणि अर्धा दिवस पासवर्डच्या मागे जातो. म्हणून सक्ती एकदम लावू नका. एकेका शेअरवर लावा, लॉग बघा, मग पुढच्या शेअरला हात घाला.

एक्सपीवर चालणारा मशीनचा कंट्रोलर आणि जुनं झेरॉक्सचं स्कॅनर यांना फक्त एसएमबी १ येतं. 'तेवढ्यासाठी चालू ठेवा' असं शॉपवरून सांगितलं जातं, ते ऐकू नका. मे २०१७ चं वॉनाक्राय याच प्रोटोकॉलमधल्या दोषातून पसरलं. उपाय स्वस्त आहे: दोन नेटवर्क पोर्टचा एक छोटा पीसी मध्ये ठेवायचा. जुना प्रोटोकॉल फक्त मशीनकडच्या पोर्टवर, तोही वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क). प्रोग्रामच्या फाईली मुख्य सर्व्हरकडून एसएसएचवरून (एन्क्रिप्टेड जोडणीवरून) त्यात ढकलायच्या. उलट्या दिशेने काहीही येऊ द्यायचं नाही.

बॅकअप एसएसएचवरून गोकुळ शिरगावच्या युनिटला जातो. टेरापिन हा एसएसएचमधला दोष डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. ओपनएसएसएच ९.६ मध्ये दुरुस्ती आली, पण ती दोन्ही टोकांना असली तरच उपयोग. एक टोक जुनं राहिलं की ती लागूच होत नाही. डेबियन १२ मध्ये आकडा ९.२ च दिसतो, दुरुस्ती मात्र नव्या आवृत्तीतून त्यात आणून घातलेली आहे. ऑडिटरचं स्कॅनर नुसता आकडा बघून लाल खूण करतं. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) पुढे ठेवा.

सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टकडे सहसा कुणी बघत नाही. त्यावरच्या आयपीएमआय २.० या प्रोटोकॉलमध्ये (सर्व्हर दुरून हाताळण्यासाठीचा) लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेली खूण) समोरच्याला मिळतो. दोष मुळात स्पेसिफिकेशनमध्येच आहे, त्यामुळे फर्मवेअर बदलून जात नाही. लांब, कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या आणि ते पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कमधून काढाच.

आता कीबद्दल. सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. लक्स२ चा हेडर (डिस्कच्या सुरुवातीचा, की जपणारा भाग) डीफॉल्टने १६ एमबीचा. तो खराब झाला की ३२ टीबी गेले, पासवर्ड पाठ असला तरी. हेडरचा बॅकअप पहिल्याच दिवशी घ्या. त्यातला धोकाही ओळखा: पासवर्ड बदलला तरी आतली मूळ की तीच राहते. त्यामुळे जुना हेडर आणि जुना पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याला डिस्क आजही उघडता येते. माहितगार माणूस नोकरी सोडून गेला तर 'रीएन्क्रिप्ट'च (नव्या कीने सगळं पुन्हा एन्क्रिप्ट) करावं लागतं. त्याला क्रिप्टसेटअप २.४.३ किंवा पुढचं वापरा (२.३ च्या मालिकेत २.३.७), आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तपासा. साधा पासवर्ड बदलतानाही क्रम चुकवू नका: नवा स्लॉट (पासवर्डची जागा) जोडा, 'टेस्ट-पासफ्रेज'ने तपासा, मगच जुना काढा.

हेडरची एक प्रत नदीच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. कोल्हापूर शहरातल्या कपाटातली प्रत अशा वेळी कामाची नाही.

सर्व्हर आपोआप उघडावा म्हणून टँग (नेटवर्कवरून की मिळवायला मदत करणारं दुसरं मशीन) आणि क्लेव्हिस (सर्व्हरवरून ते काम करणारा प्रोग्राम) वापरतो. लाईट गेली, आली, की सर्व्हर स्विचच्या आधी जागा होतो. टँग सापडत नाही, आणि स्क्रीन पासवर्डच्या ओळीवर थांबते. नेटवर्क आलं की पुन्हा प्रयत्न होतो, पण सकाळच्या शिफ्टला तेवढा धीर नसतो. स्विच यूपीएसवर घेतला आणि हा त्रास बंद झाला. टँगचं मशीन त्याच खोलीत ठेवू नका, चोर दोन्ही उचलून नेईल.

आर्गॉन२आयडी (लक्स२ मध्ये पासवर्डवरून की काढणारी पद्धत) एक स्लॉट उघडायला १ जीबीपर्यंत मेमरी मागतो. अडीअडचणीला डिस्क दुसरीकडे उघडायची म्हणून १ जीबीचा जुना पीसी ठेवला असेल, तर त्यावर उघडणार नाही. त्या पीसीत ४ जीबी घाला आणि वर्षातून एकदा डिस्क त्यावर खरोखर उघडून बघा.

आमच्याकडे एकच काम उरलंय. एक्सटीएस डेटा लपवतो, पण कुणी डिस्कवरचे बिट बदलले तर ते पकडत नाही. डीएम-इंटिग्रिटी (लिनक्सची डेटा तपासण्याची सोय) ते करतं, पण जर्नलमुळे (आधी केलेल्या नोंदीमुळे) प्रत्येक लेखन दोनदा होतं. टॅलीच्या शेअरला ते परवडणार नाही. तपासणी अहवालांच्या शेअरवर आधी लावून बघणार आहोत.