फाइल बदलली का: तारीख पाहावी की हॅश काढावा?

सर्व्हरवरच्या फाइलींतले बदल टिपायचे असतील तर एकतर फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ पाहायची, नाहीतर अख्खी फाइल वाचून तिचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा) काढायचा आणि जुन्या नोंदीशी ताडायचा.

वेगात पहिली पद्धत कितीतरी पुढे आहे. आरसिंक हा फाइलींची प्रत दुसरीकडे ताजी ठेवणारा प्रोग्राम मुळात तीच वापरतो. आकार आणि वेळ जुळली की फाइल न उघडताच पुढे सरकतो. लाखो फाइलींच्या रोजच्या बॅकअपला तेवढं पुरतं. पण वेळ हवी ती लावता येते. कॉन्फिगमधल्या ८०८० पोर्टचं ८०९० करा आणि 'टच -आर' ही आज्ञा वापरून जुन्या प्रतीची वेळ लावून टाका. आकार तोच, वेळ तीच, म्हणजे आरसिंकच्या लेखी काही घडलंच नाही. चेकसमचा, म्हणजे हॅश ताडण्याचा, पर्याय दिला की तोच आरसिंक हा बदल पकडतो, मात्र आकार जुळणारी प्रत्येक फाइल दोन्हीकडे वाचावी लागते.

उलटंही होतं. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून ताजा क्लोन (पूर्ण प्रत) घेतला की सगळ्या फाइलींना आत्ताची वेळ लागते. जुन्या बिल्डचा कॅशे जोडलात तरी मजकुरात काडीचाही फरक नसताना मेक हे फाइलींची वेळ पाहणारं बिल्ड साधन सगळं पुन्हा कंपाइल करत बसतं. बाझेल हे दुसरं बिल्ड साधन मजकुराचा हॅश पाहतं, म्हणून तिथे हा वेळ वाचतो. बिल्ड लांबलचक असेल तर मी निःसंकोच हॅशच्या बाजूने आहे.

गिटने साधलेला मेळ मला सर्वांत आवडतो. 'स्टेटस' विचारलं की ते आधी आकार-वेळ पाहतं आणि संशय आलेलीच फाइल वाचतं.

हॅश काढायच्या पद्धतींपैकी कोणती घ्यावी? अपघाताने बिघडलेली फाइल ओळखायला एमडी५ चालेल, घुसखोरीसाठी नाही. एसएचए-१ सुद्धा नको: २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. सरळ एसएचए-२५६ घ्या.

घुसखोराची भीती असेल तर हॅशला पर्याय नाही, पण मूळ नोंदी (आधी काढून ठेवलेले हॅश) कुठे ठेवता हे त्याहून महत्त्वाचं. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ट्रिपवायर हे फाइलींतले बदल टिपणारं साधन तयार झालं तेव्हापासून हा प्रश्न आहे. आज एआयडीई हे तसंच साधन वापरा किंवा स्वतःची स्क्रिप्ट लिहा, नोंदी त्याच मशीनवर असतील तर रूट (मशीनचे सर्वोच्च अधिकार) मिळवलेला माणूस त्याही बदलेल. नोंदी दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि अधिकृत अपडेटनंतर लगेच नव्याने काढा, नाहीतर खोट्या इशाऱ्यांच्या ढिगात खरा इशारा हरवतो.