उतारावरची भिंत आणि बुडालेले सात लाख

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या उतारावर प्लॉट घेऊन घर बांधायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गुत्तेदाराच्या हातावर इसार ठेवण्याआधी हे वाचावं. आमचे ७,००,००० रुपये गेले. ६० फूट लांब आणि १० फूट उंच संरक्षक भिंत पहिल्याच पावसाळ्यात फुगली. मधली वीस फूट आडवी झाली, बाकीची दरीकडे कलली आणि घराच्या पुढच्या तीन कॉलमखालचा पाया खचला. भेटेल तो म्हणतो, औंदा पाऊस लई झाला. पावसानं भिंत पाडलेली नाही. ती ओतली त्याच दिवशी पडणार हे ठरलं होतं, आणि ओतणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं ते असं. फुटिंग, म्हणजे भिंतीखालचा पसरट पाया, साडेसहा फूट रुंद, १५ इंच जाड. खाली एक फुटाची की, म्हणजे भिंत पुढं सरकू नये म्हणून फुटिंगखाली जमिनीत उतरवलेला काँक्रीटचा दात. भिंत तळाशी १२ इंच, माथ्याला ९ इंच. मुख्य सळई १२ मिलिमीटर, ६ इंचांवर. आडवी ८ मिलिमीटर, ८ इंचांवर, दोन्ही अंगांना. काँक्रीट एम-२०, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसणारं. एकूण १०.७ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), सळई १,४५० किलो. भिंतीचे ५,४०,००० आणि घराच्या पायाचे प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, ३,१०,०००, मिळून ८,५०,०००. दुसऱ्या दोघांनी याच कामाचे साडेदहा लाखांच्या वर सांगितले होते. कमी भावाला भुललात, असं आता पाहुणे ऐकवतात. पण कागदावरचं डिझाइन चुकीचं नव्हतं. १० फूट मुरमाला ती भिंत पुरून उरली असती. डिझाइन खरं होतं, म्हणूनच विश्वास बसला.

भिंत पडल्यावर तुटलेल्या तोंडाशी टेप लावली. फुटिंग रुंदीला चार फूट, जाडीला एक फूट. की नाहीच. भिंत वरपासून खालपर्यंत सरसकट ९ इंच. सळई १० मिलिमीटरची, ९ इंचांवर, एकच जाळी. आडवी ८ मिलिमीटर, फुटाफुटावर. सगळा हिशेब केला तर काँक्रीट सात ब्रासही भरत नाही आणि सळई सव्वाचारशे किलोच्या आसपास. एक टन सळई कागदावरच राहिली. कोटेशनच्या ६२ रुपये भावानं तिचेच ६२,००० होतात.

चोरी एवढ्यावर थांबली असती तर भिंत कदाचित चार-दोन पावसाळे तग धरून राहिली असती. जीव घेणारी गोष्ट वेगळी आहे. ती एकच जाळी मातीच्या अंगाला नव्हती, दरीच्या अंगाला होती.

हे नीट समजून घ्या. संरक्षक भिंत म्हणजे उभा केलेला छज्जा. छज्ज्यावर वजन खाली दाबतं, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो आणि सळई वर असावी लागते. भिंतीला माती मागून ढकलते, म्हणून ताण मातीच्या अंगाला येतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताणात त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. मुख्य सळई दरीच्या बाजूला गेली की ती भिंत साध्या पीसीसीचीच, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचीच समजा. खालच्या सांध्यात मातीकडून तडा जातो. तो मातीआड असतो, कुणाला दिसत नाही. दिसतं तेव्हा भिंत कललेली असते.

पकडायची वेळ तीच होती. फुटिंग ओतून झालं होतं, उभ्या सळया बाहेर निघालेल्या होत्या आणि सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, अजून लागायचं होतं. भावानं मोबाईलवर फोटो काढून पाठवले. त्या फोटोत सळया एकाच ओळीत उभ्या आहेत, भिंतीच्या दरीकडच्या तोंडापासून दीड इंचावर. आज तो फोटो उघडला की रक्त उसळतं. पण तेव्हा काय होतं ते ऐका. भराव नंतर टाकायचा होता, म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. माती कुठल्या अंगाला येणार हे नुसत्या फोटोवरून ओळखू येत नाही. भाऊ शाळेत शिकवतो. त्यानं गुत्तेदाराला सरळ विचारलं, सळई एकाच बाजूला का? उत्तर आलं, "मालक, दुसरी जाळी सेंटरिंग लावताना बांधतो, आधी बांधली तर फळ्या बसत नाहीत." ऐकायला पटण्यासारखं उत्तर आहे. पण मातीच्या अंगाची उभी सळई फुटिंगमधूनच वर आलेली असावी लागते, ती मागाहून खोचता येत नाही. शाळेतल्या मास्तरला हे ठाऊक असावं अशी अपेक्षा कोण धरणार? त्याच्या न माहीत असण्यावरच तर हा धंदा चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ शाळेत गेला आणि तेवढ्यात फळ्या लागून काँक्रीट पडलंसुद्धा.

म्हणून फुटिंग ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी तिथं इंजिनिअर उभा करा, आणि फळ्या लागण्याआधी परत एकदा. मातीच्या बाजूला चुन्यानं मोठी फुली मारून ठेवा. जाड आणि दाट सळई फुलीकडेच पाहिजे.

आता पाण्याचं. इथंही ठरवूनच फसवलं. तीन मीटर उंच भिंतीवर कोरडा, दाबलेला मुरूम लांबीच्या दर मीटरला सुमारे पावणेतीन टनांनी रेटतो. त्याच मुरमात माथ्यापर्यंत पाणी साचलं की रेटा साडेपाच टनांच्या वर जातो, दुपटीहून जास्त. म्हणून पाणी बाहेर काढणारे पाईप हवेत: तीन ते चार इंची पीव्हीसी, पाच-पाच फुटांवर, वरची ओळ खालच्या ओळीच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला थोडा उतार देऊन. पाईपच्या मागं फूटभर जाडीचा २० ते ४० मिलिमीटर खडीचा पडदा, खडी आणि मुरूम यांच्यामधे पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड आणि तळाला छिद्रांचा चार इंची पाईप. आमच्या भिंतीला समोरून बघितलं तर बावीस पाईप. भिंत तुटल्यावर कळलं, प्रत्येक तुकडा चार इंच लांबीचा, पुढच्या फळीला टेकवून ओतलेला. मागं सलग काँक्रीट. पहिल्या मोठ्या पावसात एकाही पाईपातून थेंब आला नाही, तेव्हा गुत्तेदार म्हणाला, "बघा, पाणीच मुरत नाही, किती पक्कं काम हाय!"

काम ताब्यात घेण्याआधी, भराव पडण्याआधी, प्रत्येक पाईपात सळईचा तुकडा घालून बघा. तो पलीकडून निघालाच पाहिजे.

भरावाला पक्का मुरूम ठरला होता, ९ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि कॉम्पॅक्टर. टाकली ती वरच्या अंगाला डोंगर कापताना निघालेली काळी माती आणि गोटे, जेसीबीनं एका दमात लोटून. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. भेगांतून पुढचं पाणी थेट तळाला जातं. मराठवाड्यात हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, गुत्तेदाराला तर नाहीच नाही. मुरमाच्या टिप्परांचे ७२,००० मात्र वेगळे लावले होते. रॉयल्टीच्या, म्हणजे मुरूम काढायच्या सरकारी शुल्काच्या, पावत्या मागितल्या तर "तहसीलमध्ये जमा आहेत" म्हणाला. टिप्परमागं रॉयल्टीची पावती नसेल तर त्या टिप्परचा पैसा देऊ नका.

घराचा पाया याच भरावावर बसवला. उतारावरच्या घराचा धोका हाच असतो: मागची बाजू कापलेल्या खडकावर आणि पुढची भरावावर. मागची जागची हलत नाही, पुढची बसत जाते आणि मधे बीम फाटतात. पुढच्या कॉलमची फुटिंगं भराव भेदून मूळच्या पक्क्या मुरमात न्यायची होती, साडेनऊ फुटांवर. नेली तीन फुटांवर. उतारावर फुटिंग पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवायचं असतं. पायाबद्दलच्या आयएस १९०४ या भारतीय मानकाप्रमाणे फुटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठापर्यंतचं आडवं अंतर मातीत निदान ९० सेंटिमीटर आणि खडकात ६० सेंटिमीटर लागतं. खड्डा खणला की काँक्रीटच्या आधी खोलीचा फोटो काढा, टेप खड्ड्यात दिसली पाहिजे.

वरच्या अंगाचे आखूड कॉलम हा आणखी एक विषय. भूकंपात आखूड कॉलम जास्त जोर ओढून घेतो, म्हणून त्याला पूर्ण उंचीत दाट रिंगा हव्यात, रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळवलेलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत काय झालं ते या भागात कुणाला सांगायला नको. त्यानंतर २००२ च्या भूकंप-मानकात तो पट्टा झोन तीनमध्ये घेतला गेला. आमच्याकडे रिंगा १० इंचांवर आणि टोकं काटकोनात.

काँक्रीटचा रिपोर्ट आम्ही मागितला होता, हेही लिहून ठेवतो. दिला. एका लॅबचा शिक्का, २८ दिवसांची ताकद २६.४ न्यूटन. भिंत ओतून तेव्हा बावीस दिवस झाले होते. तारखा जुळत नाहीत म्हटल्यावर "टायपिंगची चूक" म्हणाला. क्यूब, म्हणजे तपासणीचे काँक्रीटचे ठोकळे, आपल्यासमोर भरले पाहिजेत, १५० मिलिमीटरचे सहा, तीन सात दिवसांचे आणि तीन अठ्ठावीसचे. ओल्या काँक्रीटवर आपल्या हातानं खूण करा आणि लॅबमध्ये स्वतः न्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात ही तपासणी होते. एम-२० ला घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागतं, म्हणजे ब्रासला बावीस-तेवीस. रिकामी पोती मोजून रोज बाजूला ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.

सळई काट्यावर टाका. १२ मीटर लांबीच्या १२ मिलिमीटर सळईचं वजन १०.६५ किलो, १० मिलिमीटरचं ७.४, ८ मिलिमीटरचं ४.७४. मानकात १२ ला पाच टक्के आणि १० व त्याखाली सात टक्के फरक चालतो, त्याच्या पलीकडे नाही. जालना जवळ आहे, चांगली सळई मिळायला अडचण नाही. अडचण वजनकाट्याच्या पावतीची आहे. ती गुत्तेदाराच्या ओळखीच्या काट्याची नको.

पैसे असे गेले: सुरुवातीला २,००,०००, फुटिंगनंतर २,५०,०००, भिंत ओतल्यावर १,५०,०००, भरावानंतर १,००,०००. यातले ४,५०,००० बँकेतून आणि २,५०,००० रोख. रोख का दिले? "जीएसटी वाचतो" म्हणून आणि मजुरांच्या आठवड्याच्या बाजारामुळं. आमच्याकडं सगळेच असे देतात. पण आता पोलीस, वकील, जो तो त्या अडीच लाखांवर बोट ठेवतो.

पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसवून सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. खोटा रिपोर्ट दाखवून पैसे उकळणं दिवाणी कसं होईल? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक स्पष्ट लिहिलेली आहे. तक्रारीची पोच मागितली तर "साहेब आले की देऊ". साहेब आले नाहीत. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या इंजिनिअरनं फाईल उघडून म्हटलं, परवानगी घराची आहे, भिंतीची नोंदच नाही. मग नकाशावर भिंत काढलेली होती ती कशी मंजूर झाली? उत्तर नाही. महसूलवाले पंचनाम्याला आले आणि भिंत म्हणजे घर नव्हे म्हणून लिहिलं नाही. पुढच्या टेबलावर त्याच पावसाला "नैसर्गिक आपत्ती" म्हणून गुत्तेदाराच्या बाजूनं धरलं. डिझाइनवर शिक्का मारणारा म्हणतो, माझं काम कागदापुरतं, देखरेख माझ्याकडं नव्हती. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या महारेराकडं जावं तर स्वतःच्या प्लॉटवर स्वतः लावलेला गुत्तेदार त्यांच्या कक्षेत येत नाही. प्रत्येकाकडं न करण्याचं कारण तयार आहे. माणसानं जायचं कुठं? घर बांधताना परवानगीचे, विकास शुल्काचे, कामगार उपकराचे पैसे घेताना सगळी टेबलं जागी असतात. भिंत पडली की एकालाही आपली सही ओळखू येत नाही.

पोलिसांनी नोंद नाकारली तर तोच मजकूर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, ती तरतूद कायद्यात आहे, त्यापुढं न्यायदंडाधिकारी. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये. मलबा हलवण्याआधी तुटलेल्या तोंडाचे टेप लावून फोटो काढा आणि सळईचे तुकडे जपून ठेवा. आमच्याकडं "रस्ता मोकळा करून देतो" म्हणत गुत्तेदारच जेसीबी घेऊन आला होता. त्याला पुरावा उचलायचा होता. भाऊ मधे आडवा आला म्हणून वाचलं.

पाडून परत बांधायचा अंदाज ९,४०,००० आला आहे, त्यात नुसते पाडायचे ८५,०००. तोपर्यंत मागची काळी माती उपसून रेटा कमी केला आहे, माथ्याशी चर खणून पाणी बाजूला वळवलं आहे आणि वर ताडपत्री टाकली आहे. भिंतीच्या कडेला दहा फुटांच्या आत पाण्याची टाकी किंवा गाडी आता ठेवत नाही. कललेल्या चाळीस फुटांच्या खालून वस्तीचा रस्ता जातो. धोक्याचा फलक लावा असा अर्ज तीन टेबलांवर दिला, फलक अजून लागलेला नाही. आम्ही स्वतः दोर बांधून रस्ता अडवला, तर रहदारीला अडथळा म्हणून नोटीस मात्र आम्हाला आली.