जुनी मस्टँग जीटी की जुनी ७१८ केमन?

२०१६ मध्ये फोर्ड मस्टँग जीटी भारतात आली तेव्हा दिल्लीत एक्स-शोरूम किंमत होती ६५ लाख. त्या पैशांत ५ लिटरचं व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, ४०१ पीएस (इंजिनाची ताकद मोजायचं एकक). पुढच्या वर्षी आलेल्या पोर्शे ७१८ केमनमध्ये २ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो, ३०० पीएस, आणि किंमत ८० लाखांच्या वर. कागदावर सौदा सरळसरळ मस्टँगचा वाटतो. पण ० ते १०० ला दोघींनाही पाचेक सेकंदच लागतात, कारण मस्टँग तीनशेहून जास्त किलोंनी जड आहे.

हे वजन खरं जाणवतं ते घाट उतरताना. तेवढ्याच वेगाला जड गाडी थांबवायची तर ब्रेकमध्ये उष्णता जास्त तयार होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने ओल शोषलेली असते, ते लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. म्हणून घेतल्या घेतल्या ऑइल बदला, पुढे दर दोन वर्षांनी. केमनचं इंजिन मध्यभागी आहे, त्यामुळे सलग वळणांवर ती ठरलेल्या रेषेत राहते. आवाजात मात्र ती व्ही८च्या जवळपासही फिरकत नाही, हे मान्यच करायला हवं.

मस्टँगचं आतलं प्लॅस्टिक टणक आहे, ते चालवून घेता येतं. बांधणीचा खरा प्रश्न वेगळा आहे. जानेवारी २०१७ मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने मस्टँगला पाचपैकी दोनच स्टार दिले. समोरच्या एअरबॅग पुरेशा फुगल्या नाहीत आणि मागच्या सीटबेल्टना प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत पट्टा घट्ट ओढणारी यंत्रणा, नव्हते. मागच्या सीटवर मुलं बसणार असतील तर हा मुद्दा पीएसच्या आकड्याच्या आधी येतो.

जुनी मस्टँग बघताना बॉनेटच्या पुढच्या कडेवर, दुमडीजवळ बोट फिरवा. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. तिथे रंगाखाली फोड आले असतील तर आत गंज धरलाय. वरून रंग मारला तरी तो परत येतो. समुद्राजवळच्या गाड्यांत हे आवर्जून तपासा. रंगाची जाडी मोजायला चुंबकावर चालणारं स्वस्त मीटर इथे कामाचं नाही, अ‍ॅल्युमिनियमवर चालणारंच हवं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि ४०१ पीएस पावसात त्याच रबरावर सोडायचे आहेत.

केमनमध्ये पुढच्या बंपरच्या दोन्ही जाळ्यांत टॉर्च मारा. मागे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत. पाला नि चिखल तिथे साचून ओला राहतो, कंडेन्सर कुजतो आणि एसीचा गॅस जातो. साफ करायला बंपर उतरवावा लागतो.

दोघींत आमची पसंती केमनला. कुटुंबाला मागची सीट हवीच असेल तर यांपैकी एकही नको: केमनला ती नाहीच, आणि मस्टँगची वर सांगितलेली अडचण आहे. मस्टँगवरच जीव जडला असेल तर टायर आणि ब्रेकचा खर्च आधी विचारून घ्या आणि तो सौद्यातून वजा करा.