पायाची एनसीव्ही: एक पाय, दोन लॅब, दोन रिपोर्ट

गणपतीच्या आधी गावी गेलो होतो, अंगणातलं गवत उकिडवं बसून तीनेक तास काढलं आणि दुसऱ्या दिवशी उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली, पाऊल वरच उचलेना. पुण्यात आल्यावर प्रत्येकाचं एकच, स्लिप डिस्क असणार, एमआरआय करा. न्यूरोच्या डॉक्टरांनी मात्र आधी एनसीव्ही सांगितली (नर्व्हला हलके शॉक देऊन करंट किती आणि किती वेगाने जातो ते मोजायची टेस्ट).

पहिली लॅब (नाव घेत नाही) घराजवळची. पाचव्या दिवशी गेलो, एसी इतका की पाय बर्फ झालेले, दहा मिनिटांत उरकलं आणि रिपोर्ट काय तर नॉर्मल. अरे मग माझं पाऊल फटफट का आपटतंय??

डॉक्टरांनी ग्राफचं पान बघितलं आणि हसलेच. शॉक घोट्याला दिलेला आणि गुडघ्याच्या खाली दिलेला, गुडघ्याच्या वर दिलेलाच नाही. पाऊल वर उचलायला लावणारी ही पेरोनिअल नर्व्ह गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या गोळ्यावरून अगदी कातडीखालून जाते, उकिडवं बसलं की तिथेच चेपते, आणि चेपली तेवढ्याच टप्प्यातलं मायलिन (नर्व्हवरचं आवरण) खराब होतं. म्हणजे रस्ता एकाच चौकात खणलाय आणि यांनी ट्रॅफिक मोजलं चौकाच्या पुढे, तिकडे गाड्या सुसाटच जाणार ना.

म्हणून पंधराव्या दिवशी दुसऱ्या लॅबला गेलो, हा रिव्ह्यू खरा तिचा. ताईंनी आधी पायाचं तापमान घेतलं, थंड होता म्हणून गरम टॉवेल गुंडाळून बसवलं (थंड पायात नर्व्हचा वेग उगाच कमी येतो). मग "काका, पाय ढिला सोडा" म्हणत एकेक झटका, रबरबँड ताणून सोडल्यासारखा, गुडघ्यामागचा जरा जोरातच लागतो, खोटं कशाला बोलू. डावा पायही तपासला, तुलनेसाठी.

आकडे असे आले (शॉक दिला की पावलावरच्या स्नायूत उठणाऱ्या लाटेची उंची): घोट्याला 5.1 मिलिव्होल्ट, गुडघ्याखाली 4.8, आणि गुडघ्याच्या वर शॉक दिला की एकदम 1.3. वेग खालच्या भागात 47 मीटर पर सेकंद आणि त्या चेपलेल्या टप्प्यात 26. याला म्हणे कंडक्शन ब्लॉक, म्हणजे करंट त्या टप्प्यातच अडतो. इथल्या मॅडमनी स्क्रीनवर लाटा दाखवून समजावलं की मला आनंद व्हायला हवा तो 5.1 चा, कारण आतली तारच तुटली असती तर आठ-दहा दिवसांत घोट्याची लाटही बसली असती. पाचव्या दिवशी तो आकडा चांगला दिसूनही उपयोग नव्हता, तुटलेली नर्व्हसुद्धा पहिले काही दिवस खालच्या बाजूला करंट नेत राहते. आता तार शाबूत, फक्त मायलिन परत चढायचंय, ते काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत होतं.

वाईट बाजू पण सांगतो. अपॉइंटमेंट अकराची आणि आत घेतलं सव्वाबाराला, पार्किंग शून्य, साडेतीन हजार रुपये आणि त्या दिवशी त्यांचं कार्ड मशीन बंद. लोशन लावून येऊ नका हे आधी फोनवर सांगायला हवं होतं, माझे पाय तिथेच धुवायला लावले. तरी चार स्टार. एक कापला तो सव्वा तासाचा.

सात आठवडे झाले, अंगठा वर होतोय, स्प्लिंट बाहेर जातानाच घालतो. आणि एमआरआय केलाच नाही.