दीडशे वर्षं जुनं व्हिक्टोरियन डेव्हनपोर्ट डेस्क: हिवाळा-उन्हाळा रोज वापरून आलेला अनुभव

आम्ही इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पाला राहतो, नवऱ्याची नोकरी कॉव्हेंट्रीला गाड्यांच्या कंपनीत, पुण्याहून इकडे आलेल्या बऱ्याच जणांसारखीच. घर छोटं, जिन्याखालची एक खिडकीजवळची जागा सोडली तर टेबल लावायला कुठे वाव नाही. आधीचं चिपबोर्डचं टेबल एका कोपऱ्यात पाणी लागून फुगलं आणि त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं, फेकूनच द्यावं लागलं. मग गेल्या सप्टेंबरात जवळच्याच एका लिलावातून अक्रोडाचं व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, डेव्हनपोर्ट घेतलं. लिलावघराचं कमिशन वगैरे धरून चारशे पौंडांच्या आत पडलं. इकडे जुन्या गडद फर्निचरला 'ब्राऊन फर्निचर' म्हणतात आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मानाने त्याचे भाव फार म्हणजे फार उतरलेत, त्यामुळे बऱ्या क्वालिटीच्या नव्या टेबलाच्या किमतीत हे मिळतं हे खूप जणांना माहीतच नसतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. डेव्हनपोर्ट म्हणजे छोटं, रुंदीला दोन फुटांच्या आतबाहेर असलेलं लिहायचं डेस्क, वरती मुनीमजींच्या पेटीसारखं उतरतं झाकण, त्यावर चामडं, झाकण उचललं की आत कागद ठेवायची जागा. खण मात्र समोर नाहीत, बाजूला आहेत! उजव्या अंगाला चार खरे खण आणि डाव्या अंगाला त्यांच्यासारखेच दिसणारे चार खोटे, नुसत्या लाकडी मुठी लावलेले, कारण डेस्क खोलीच्या मधोमध ठेवलं तरी दोन्हीकडून सारखं दिसायला हवं. नावाची गोष्ट अशी की लँकेस्टरच्या गिलोज या फर्निचरवाल्यांच्या वहीत १७९० च्या दशकात कॅप्टन डेव्हनपोर्टसाठी एक डेस्क अशी नोंद सापडते, तिथून हे नाव पडलं. सुरुवातीच्या डेस्कांचा वरचा भाग पुढे सरकायचा किंवा फिरायचा, नंतर व्हिक्टोरियन काळात तो कायमचाच पुढे आला आणि खाली त्याला नक्षीदार आधार दिले, माझं त्यातलं आहे.

आता रोजच्या वापराचं. हाताने लिहायला यासारखं दुसरं काही मी वापरलेलं नाही. उतार असा बेतलाय की मान वाकवावी लागत नाही, मनगट चामड्यावर टेकतं, आणि खालच्या कडेला बारीक उंचवट्याची पट्टी आहे त्यामुळे वही घसरत नाही. मुलगी यावर बसून बाराखडी गिरवते आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तिचं जे अक्षर येतं त्याहून इथे कितीतरी बरं येतं. बाजूचे खण हा तर प्रकारच भारी आहे, खुर्ची मागे सरकवावी लागत नाही, बसल्या बसल्या उजवा हात खाली नेला की खण उघडतो. लॅपटॉपसाठी मात्र हे नाही, हे स्पष्ट सांगते. लॅपटॉप त्या पट्टीला टेकून राहतो पण स्क्रीन खूप खाली येते, टायपिंग करताना मनगट उताराला धरून खाली ओढलं जातं, आणि गुडघ्यांना जागा कमी. छोट्या मीटिंगा मी इथे घेते, पण दिवसभर एक्सेलचं काम असेल तर डायनिंग टेबलावर जाते. उंच माणसाने घेण्याआधी बसून बघावंच, माझ्या नवऱ्याचे गुडघे त्या नक्षीदार आधारांना लागतात.

खण एकदा पूर्ण बाहेर काढून बघा, अशी वस्तू घरी आणली की पहिलं काम हेच करा. माझे खण महॉगनीचे आहेत, बाजूच्या फळ्या इतक्या पातळ रंधलेल्या की हातात घेतल्यावर वजनच लागत नाही. पुढच्या आणि बाजूच्या फळीचा सांधा डव्हटेलचा, म्हणजे पाचरीसारखे दाते एकमेकांत अडकवलेला, त्यातले दाते टोकाला इतके अरुंद की करवतीचं पातं जेमतेम शिरलं असेल, आणि प्रत्येक दाता शेजारच्यापेक्षा केसभर वेगळा. मशीनने कापलेले असते तर सगळे सारखे आले असते. सांध्याच्या मुळाशी आडवी आखणीची रेघ अजून दिसते, सुताराने किती खोल कापायचं त्याची खूण म्हणून मारलेली, पुसायची गरज त्याला वाटली नाही कारण ती बाजू कोण बघणार. आणि प्रत्येक खणाच्या मागे पेन्सिलीने आकडा आहे, १ ते ४. दिसायला दोन आणि तीन अगदी जुळे, पण तीन नंबर दोनच्या जागी घातला तर अर्ध्यावर अडकतो! म्हणजे प्रत्येक खण त्याच्या त्याच्या जागेसाठी रंधा मारमारून बसवलेला. खण आत ढकलला की हवा दबून शेजारचा खण हळूच थोडा बाहेर येतो, एवढं घट्ट काम दीडशे वर्षांनंतरही टिकलंय.

हे काम कोणी केलं ते कळायला मार्ग नाही, शिक्का कुठेच नाही. होलंड अँड सन्स किंवा गिलोजसारख्या मोठ्या नावांचा शिक्का असला तर किंमत वेगळीच होते. बहुतेक सुतार बिननावाचेच राहिले. लंडनमध्ये वेस्ट एंडची बांधलेल्या दराची, संघटित कामगारांची दुकानं वेगळी, आणि शोर्डिचमधल्या कर्टन रोडच्या आसपासची छोटी वर्कशॉप्स वेगळी. तिकडे एकजण फक्त पाय लेथवर गोल घडवायचा, एकजण नक्षी, एकजण पॉलिश, आणि तयार माल मोठे गोदामवाले उचलायचे. १८४९-५० च्या सुमाराला हेन्री मेह्यू या पत्रकाराने मॉर्निंग क्रॉनिकलमध्ये लंडनच्या कामगारांवर लिहिलं त्यात पोटमाळ्यावर काम करणारे सुतार येतात, थोडं लाकूड आणायचं, बायकामुलांना हाताशी घेऊन वस्तू बनवायची आणि आठवडाअखेर ती दुकानोदुकानी फिरवून मिळेल त्या भावात विकायची, कारण सोमवारच्या लाकडाला पैसे हवेत. हे वाचल्यापासून मी त्या पेन्सिलीच्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. ज्यांना या गल्ल्यांबद्दल अजून बघायचंय त्यांनी लंडनमधल्या हॉक्स्टनचं म्युझियम ऑफ द होम बघावं, ते १९१४ ला सुरूच झालं ते या भागातल्या फर्निचर कारागिरांना जुनं चांगलं काम बघायला मिळावं म्हणून.

डेस्कचं वय कसं ठरवलं हे पण विचारतात. दुरुस्ती करणाऱ्याने एक बिजागरी सोडवली तेव्हा स्क्रू बाहेर आला तो टोकदार होता. जुने स्क्रू बोथट टोकाचे असायचे, आधी भोक पाडावं लागायचं, टोकदार स्क्रू मशीनवर बनवायचे हक्क बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी १८५४ मध्ये अमेरिकेतून घेतले आणि मग इकडे ते सगळीकडे झाले. त्यामुळे डेस्क त्यानंतरचं, १८६० च्या दशकातलं असं त्याचं म्हणणं. अर्थात स्क्रू नंतर बदललेला असू शकतो म्हणून त्याने खणांच्या आतल्या कडेला लावलेली पाव गोलाची पट्टी, फळ्यांच्या मागच्या न रंगवलेल्या लाकडाचा कोरडा रंग, मुठींची जुनी भोकं असं सगळं ताडून बघितलं. घेताना तुम्ही पण हेच करा, मुठीच्या आतल्या बाजूला जास्तीची भोकं दिसली तर मुठी बदलल्यात, खालच्या भागाचं आणि वरच्या भागाचं लाकूड मागून वेगळं दिसलं तर दोन डेस्कांचं मिळून एक केलंय. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर घाबरू नका, पण भोकाखाली ताजी फिकट पावडर पडलेली असेल तर किडा जिवंत आहे, तसलं घरात आणू नका.

कुलपावर मुकुट आणि वीआर (राणी व्हिक्टोरियाची अद्याक्षरं) असा ठसा आहे, साधं लिव्हरचं कुलूप, किल्ली अजून फिरते. त्या काळात कुलपांचं किती वेड होतं! १८५१ ला हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेसचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा हॉब्स नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं, आणि ब्रामा कंपनीचं, जे उघडेल त्याला २०० गिनी असं बक्षीस दुकानाच्या खिडकीत लावलेलं होतं, ते १६ दिवसांत मिळून ५१ तास खटपट करून उघडलं. नंतर त्याने लंडनमध्येच कंपनी काढली, चांगल्या फर्निचरवर हॉब्सच्या नावाचा ठसा दिसला तर ती जमेची बाजू धरतात.

आता सजावटीबद्दल, कारण या फर्निचरला लोक भडक म्हणतात. त्याच १८५१ च्या प्रदर्शनातलं केनिलवर्थ बुफे आमच्या इथून जवळ वॉरिक कॅसलमध्ये आहे, वॉरिकच्या कुक्स मंडळींनी ओकमध्ये कोरलेलं अवाढव्य साइडबोर्ड, वर पहिल्या राणी एलिझाबेथने केनिलवर्थ किल्ल्याला दिलेली भेट. ते बघून मला दडपल्यासारखं झालं, घरात असलं काही नको. डेव्हनपोर्टमध्ये तीच हौस आटोपशीर आहे. पुढचे दोन आधार पानांच्या नक्षीचे, त्यांच्या मागे बोट फिरवलं की पटाशीचे उथळ घाव लागतात. १८४५ मध्येच जॉर्डन नावाच्या एकाने नक्षी कोरायच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं आणि पार्लमेंटच्या लाकडी कामाला ते वापरलंही गेलं, तरी शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागायचा. आणि वरचं विनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, तर मी रोज बघते तरी कंटाळा येत नाही. अक्रोडाच्या खोडावर गाठ येते तिचे पातळ काप, आतला रेषा-ठिपक्यांचा घोळ, एकापाठोपाठ एक काढलेले चार काप उलटसुलट मांडून मधोमध जुळवलेत त्यामुळे डावीकडचं डिझाइन उजवीकडे आरशात बघावं तसं येतं. खाली साधं पाइन आहे. काहींना ही फसवणूक वाटते, पण गाठीचं लाकूड ठिसूळ असतं, त्याची भरीव फळी वाकून तडकून गेली असती, ते असंच वापरायचं असतं.

याच विनियरने हिवाळ्यात त्रास दिला. सेंट्रल हीटिंग सुरू झालं आणि खोलीतली आर्द्रता तिशीत आली, तेव्हा झाकणाच्या डाव्या कडेला एक जागा उचलली गेली. ज्याच्याकडे नेलं तो म्हातारा कारागीर आधी काही बोललाच नाही, नखाने सगळ्या पृष्ठभागावर टकटक करत गेला, जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने खूण, दोन जागा निघाल्या, एक मला माहीतही नव्हती. मग कोमट पाण्याचा बोळा, वरून कागद आणि गरम इस्त्री, आतला जुना सरस मऊ झाला, थोडा नवीन सरस सुरीच्या पात्याने आत सारला, वर फळी ठेवून क्लॅम्प. दुसऱ्या दिवशी जागा शोधूनही सापडेना. फेविकॉलसारखा आजचा पांढरा गोंद असता तर हे झालं नसतं, तो एकदा धरला की सहज सोडत नाही, सोडवायला गेलं तर लाकूड फाटतं. जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस मात्र ऊब आणि ओल मिळाली की कधीही सुटतो आणि परत धरतो.

पॉलिशचंही तेच. वरची चमक फ्रेंच पॉलिशची, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत पातळ थर चढवायचे, कितीतरी वेळा. ही लाख आपल्याकडून यायची, मिर्झापूरला तिचा चपडा, म्हणजे पातळ पापुद्रे, बनायचा आणि कलकत्त्याहून जहाजात चढायचा. आजही झारखंड-छत्तीसगडात ती कुसुम, पळस, बोरीवर पिकते, आणि आपल्याकडचे सुतार दारांना जे स्पिरिट पॉलिश करतात ते मुळात हेच. गरम कपाचा पांढरा डाग पडला तर स्पिरिटचा हलका हात फिरवून निघतो कारण जुना थरच विरघळून परत बसतो. त्यासाठी सगळं तासून काढायची गरज नसते. कोणी सँडर घेऊन आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा, विनियर जेमतेम मिलिमीटरभर असतं, एकदा घासून पाइन दिसलं की संपलं.

देखभाल म्हणाल तर फार नाही. रेडिएटरपासून लांब ठेवलंय, हिवाळ्यात खोलीत छोटा ह्युमिडिफायर चालू असतो आणि पन्नाशीच्या आसपास आकडा राहील असं बघते. थेट ऊन लागू देत नाही, अक्रोड उन्हाने फिका पडतो. वर्षातून एकदोनदा मधमाशीचं मेण, तेही अगदी थोडं. सिलिकॉनवाले फवारे अजिबात नकोत, पुढे पॉलिश करायचं झालं तर लाख त्यावर बसत नाही. खण कडक जायला लागले की खालच्या कडांना साधी मेणबत्ती घासायची. डेस्कच्या माथ्यावरच्या पितळी जाळीला ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) लावू नका, तिच्यावर मुळात लॅकर असतं. चामडं आधीच्या मालकाने बदललंय, ते बदलण्याचीच वस्तू आहे, त्याने किंमत कमी होत नाही.

घ्यायचं असेल तर अक्रोड किंवा महॉगनी बघा. रोझवुडचीही सुंदर डेव्हनपोर्ट येतात पण ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंदीच्या यादीत आहे, देशाबाहेर न्यायचं झालं तर कागदपत्रांचं काम वाढतं. आणि पुण्याला परत जाताना नेणार का, असं आई दर फोनला विचारते. मी नाही नेणार. एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलैमधली दमट हवा यांच्यात सरसाने चिकटवलेलं विनियर वर्षातून दोनदा खेचलं जाईल, पावसाळ्यात मागच्या बाजूला बुरशी येईल, आणि सरसावर काम करणारा माणूस तिथे शोधावा लागेल. इथेच कॉव्हेंट्रीत आपल्यातल्याच कोणाला तरी देईन, खणांचे नंबर आणि कारागिराचा पत्ता सकट. तोवर मी वापरणार.