संगीत आणि अध्यापन: एकत्र पदवी घ्यावी की एकापाठोपाठ दोन?

ऑस्ट्रेलियात माध्यमिक शाळेचा संगीत शिक्षक होण्यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत, आणि तेथे वाढलेल्या किंवा भारतातून तेथे शिकायला जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींपुढे त्यांतला कोणता निवडावा हा प्रश्न हमखास येतो. पहिला मार्ग म्हणजे पहिल्या दिवसापासून संगीत आणि अध्यापन यांची सांगड घालणारी संयुक्त पदवी. दुसऱ्या मार्गात आधी संगीताची स्वतंत्र पदवी घेतात आणि नंतर साधारणपणे 2 वर्षांची मास्टर ऑफ टीचिंग ही पदवी पूर्ण करतात.

सिडनी कॉन्झर्व्हेटोरियम ऑफ म्युझिकमध्ये संगीत शिक्षण ही बॅचलर ऑफ म्युझिकचीच एक शाखा आहे. तेथे 4 वर्षांत विद्यार्थी वादक किंवा गायक म्हणून तयार होतो आणि शिक्षक म्हणून पात्रही ठरतो. मेलबर्न विद्यापीठाने मात्र 2008 पासून पदवीचे शिक्षण व्यापक ठेवून व्यावसायिक शिक्षण पदव्युत्तर पातळीवर नेले. त्यामुळे तेथे 3 वर्षे संगीत आणि मग 2 वर्षे अध्यापन असा क्रम लागतो. दोन्हींत फरक एकाच वर्षाचा असला तरी निर्णय केवळ त्यावर घेऊ नये, कारण दोन मार्गांतला खरा फरक विद्यार्थी वर्गात पहिल्यांदा केव्हा उभा राहतो, यात आहे.

तेथील राष्ट्रीय निकषांनुसार पदवी पातळीवरील अभ्यासक्रमात किमान 80 दिवस, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान 60 दिवस शाळेत देखरेखीखाली सराव पाठ घ्यावे लागतात. या 20 दिवसांच्या फरकापेक्षाही मला सराव पाठांची विभागणी जास्त महत्त्वाची वाटते. संयुक्त पदवीत ते काही वर्षांत पसरलेले असतात. सातवीच्या वर्गात 25-28 मुले, त्यांच्यासमोर की-बोर्ड, निम्म्यांचे हेडफोन नीट जोडलेले नाहीत आणि पाठ टाचणात ‘5 मिनिटे’ म्हणून लिहिलेली तयारी 15 मिनिटे खाऊन गेली, असा अनुभव ज्याला दुसऱ्याच वर्षी येतो, तो विद्यापीठात परतल्यावर स्वरमेळाचा तास वेगळ्या कानांनी ऐकतो. हे मुलांना कसे सांगता येईल, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. संगीत आणि अध्यापन यांचा असा संवाद वर्षानुवर्षे चालू राहणे, हे मला संयुक्त पदवीचे सर्वांत मोठे बळ वाटते.

याची किंमत रियाझात मोजावी लागते. पाठ टाचणे, बालमानसशास्त्र, मूल्यमापन आणि शाळेतील आठवडे यांतून वाद्याला मिळणारा वेळ नक्कीच कमी होतो. विशीच्या आसपास हात आणि गळा ज्या झपाट्याने तयार होतात, तो काळ पुन्हा येत नाही. ज्याला मैफलीची किंवा वाद्यवृंदाची ओढ आहे आणि जो शिकवणे हा केवळ पोटापाण्याचा सुरक्षित पर्याय म्हणून धरून ठेवतो आहे, त्याने आधी संगीतच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मन बदललेच, तर मास्टर ऑफ टीचिंगचा दरवाजा नंतरही उघडा असतो.

हिंदुस्थानी संगीत शिकलेल्यांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगायला हवी. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांची ओळख नसेल तर दोन्ही मार्गांवर पहिले वर्ष जड जाते, म्हणून ती तयारी प्रवेशाच्या किमान वर्षभर आधी सुरू करावी. मात्र आपली शिदोरी तेथे वाया जात नाही. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोडाय यांच्या विचारांवर उभी राहिलेली शिक्षणपद्धती ऑस्ट्रेलियातील संगीत शिक्षकांमध्ये चांगलीच रुजलेली आहे, आणि तिच्यातील ‘डो’, म्हणजे सप्तकाचा पहिला स्वर, चल असतो. आपला षड्ज जसा कोणाचा काळी एक तर कोणाचा काळी चार असतो, तसाच. ज्या मुलाने लहानपणापासून पट्टी बदलून तेच अलंकार घोटले आहेत, त्याला स्वरांची नाती वर्गाला हाताच्या खुणांनी शिकवताना हे सारे ओळखीचेच वाटते. न्यू साउथ वेल्स राज्यात सातवी-आठवीच्या टप्प्यात 100 तास संगीत सक्तीचे असल्यामुळे, कधीही वाद्य हाती न घेतलेल्या मुलांना शिकवण्याचे काम तेथे भरपूर असते. तेथे तानेपेक्षा ठेका अधिक कामी येतो.

शुल्काच्या बाबतीत 2021 च्या बदलांनंतर शासकीय साहाय्य असलेल्या जागांवर शिक्षणशास्त्राचे विषय सर्वांत खालच्या शुल्कगटात आहेत, तर संगीत त्याच्या वरच्या गटात मोडते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना हा लाभ नाही. त्यांना पूर्ण शुल्क भरावे लागत असल्याने एक वर्ष वाचणे हा त्यांच्यासाठी मोठाच मुद्दा ठरतो. लँटाइट ही भाषा आणि अंकज्ञानाची परीक्षा दोन्ही मार्गांवर अनिवार्य आहे. दुसरा अध्यापन विषय घेता येत असेल तर तो अवश्य घ्यावा. लहान शाळेत केवळ संगीताचे पूर्णवेळ तास निघतीलच असे नसते, आणि सोबत इंग्रजी किंवा गणित शिकवू शकणाऱ्या उमेदवाराला अधिक वाव मिळतो.

महाराष्ट्रातून संगीतात बी. ए. करून जाणाऱ्यांपुढे निवड जवळपास झालेलीच असते, कारण त्यांच्यासाठी मास्टर ऑफ टीचिंग हाच स्वाभाविक मार्ग आहे. फक्त पदवीतील संगीताचे विषय तेथील शालेय अध्यापनासाठी पुरेसे मानले जातील का, हे विद्यापीठाकडून अर्ज करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही परीक्षा तयारीची साक्ष म्हणून मोलाची असली, तरी या प्रवेशासाठी विद्यापीठाची पदवी लागतेच. इंग्रजीची अटही हलकी नाही. आयईएलटीएसमध्ये शिक्षकांकडून श्रवण व संभाषणात 8 आणि वाचन व लेखनात 7 गुणांची अपेक्षा असते.

अजूनही निर्णय होत नसेल, तर प्रवेशअर्जाआधी एखाद्या शाळेत किंवा मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात सलग 8-10 आठवडे मुलांना गाणे शिकवून पाहावे. त्यातही सुरात गाणाऱ्या दोघातिघांकडे लक्ष न देता, ज्याचा सूर अजिबात लागत नाही त्या मुलाजवळ बसावे. त्याचा षड्ज लागेपर्यंत थांबण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याने संयुक्त पदवीचा अर्ज निःशंक भरावा.